पहिला क्लास भिशीचा लिहा

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात एक कुत्रा भुंकताना भेटतो. कुत्रा ‘प्राणी’ या क्लासचा वारसदार, मांजर त्याचं भावंड. एक भुंकतो, दुसरी म्यांव करते आणि प्रकरण संपतं. वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं. मग कोरी फाइल उघडून स्वतःचा क्लास लिहायला बसलं की पहिली ओळही सुचत नाही. यात वाचणाऱ्याचा दोष कमी आहे. त्या कुत्र्याला पुस्तकात काही कामच नव्हतं. त्याच्या हातून काही चुकण्याची शक्यता नव्हती, म्हणून त्याच्याकडून शिकण्यासारखंही फार नव्हतं.

असे अडलेले वाचक कॅलिफोर्नियातल्या आपल्या फ्रीमाँटमध्ये शोधावे लागत नाहीत. एच-४ व्हिसावर आलेली, २०१५च्या नियमामुळे कामाचा परवाना मिळालेली आणि आता हातात नवं कौशल्य हवं असलेली एखादी वाणिज्य पदवीधर असेल. मुलाने हायस्कूलात ‘एपी कम्प्युटर सायन्स ए’ घेतलंय म्हणून रात्री त्याच्या शेजारी बसणारे आईबाबा असतील. सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये वर्षं गेली, पण स्वतः क्लास कधी लिहिला नाही, असे काकाही असतील. या सगळ्यांना व्हेरिएबल, इफ, लूप, फंक्शन आणि लिस्ट एवढं येतं असं धरून पुढचं लिहिलं आहे. तेवढं येत नसेल तर आधी ते शिका. क्लासकडे यायची घाई करण्यात काही मिळत नाही.

या विषयाचा जन्म कुत्र्या-मांजरांतून झालेला नाही. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांना खऱ्या जगातली कामं संगणकावर चालवून पाहायची होती. रांगेत गिऱ्हाइकं किती खोळंबतात, कारखान्यात माल कुठे अडतो, असले प्रश्न. त्यासाठी त्यांनी सिम्युला ६७ या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आणले. पुढचं बरंच काही आपल्या शेजारी घडलं. फ्रीमाँटहून डंबार्टन पूल ओलांडला की पलीकडे पालो आल्टो. तिथल्या झेरॉक्सच्या ‘पार्क’ संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली आणि ती शाळकरी मुलांना शिकवूनही पाहिली. १९९५ साली जगापुढे आलेली जावा ही भाषा याच सिलिकॉन व्हॅलीतल्या सन मायक्रोसिस्टिम्सची. तेव्हा पहिल्या क्लाससाठी विषय निवडताना सिम्युलावाल्यांचा रस्ता धरा. ज्या कामाचे नियम तुम्हाला पाठ आहेत आणि जे मोडले तर भांडण होतं, ते काम घ्या. मराठी घरात असं काम हाताशीच असतं, ते म्हणजे भिशी.

समजा बारा जणी आहेत, दरमहा शंभर डॉलर हप्ता. महिन्यातून एकदा जमायचं, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला बाराशे डॉलर. नियम तीनच. सगळ्यांचे हप्ते आल्याशिवाय रक्कम कुणालाही द्यायची नाही. जिला एकदा लागली, तिला ती फेरी पुरी होईपर्यंत पुन्हा नाही. आणि पहिली भिशी लागल्यावर नवीन कुणाला घ्यायचं नाही. हा तिसरा नियम बहुधा गोडीगुलाबीत मोडला जातो आणि हिशोबाचा घोळ तिथूनच सुरू होतो, हे भिशी चालवणारीला वेगळं सांगायला नको.

आता लगेच क्लास लिहू नका. आधी क्लासशिवाय लिहून पाहा. सभासदांची एक लिस्ट, हप्ता भरलेल्यांची दुसरी, भिशी लागलेल्यांची तिसरी आणि हप्त्याची रक्कम हा एक आकडा. दोन-तीन फंक्शन लिहिली की काम चालतं, अगदी छान चालतं. मग त्याच प्रोग्रॅममध्ये दुसरी भिशी घाला, नाशिकच्या माहेरच्या मंडळींची, दहा जणांची, दोन हजार रुपयांची. आता ‘सभासद’ आणि ‘सभासद_नाशिक’ अशा दोन लिस्ट झाल्या. प्रत्येक फंक्शनला कुठली लिस्ट द्यायची ते दर वेळी लक्षात ठेवायला हवं. घाईत फ्रीमाँटच्या सभासदांबरोबर नाशिकच्या हप्त्यांची लिस्ट दिलीत, तर संगणक काहीही कुरकुर न करता चुकीचं उत्तर देईल. हा त्रास एकदा प्रत्यक्ष भोगावा. क्लास कशासाठी असतो हे त्यानंतर समजावून सांगावं लागत नाही. एका भिशीची सगळी माहिती आणि त्या माहितीला हात लावण्याचे नियम एकाच जागी बांधून ठेवायचे, म्हणजे क्लास.

मराठीत शिकवताना मोदकाच्या साच्याचं उदाहरण हटकून येतं. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे मोदक. पहिल्या पाच मिनिटांपुरतं ते ठीक आहे, कारण एका क्लासमधून अनेक ऑब्जेक्ट निघतात एवढं त्यातून कळतं. पण मोदक ताटात पडला की त्याचं काम संपलं. ऑब्जेक्टचं काम तिथून पुढे सुरू होतं. ते आपली माहिती लक्षात ठेवतं, सांगितलेलं काम करतं आणि नियमात बसत नसेल तर नाही म्हणतं. नवशिक्यांच्या क्लासमध्ये सर्वांत जास्त राहून जातं ते हे नाही म्हणणं.

कीबोर्डला हात लावण्याआधी एक कार्ड घ्या. ही युक्ती केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांची. १९८९ साली त्यांनी ऑब्जेक्टचा विचार शिकवण्यासाठी साधी पुठ्ठ्याची कार्डं वापरण्याची पद्धत मांडली. कार्डावर क्लासचं नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि तो कुणाकुणाची मदत घेतो, एवढंच लिहायचं. आपल्या कार्डावर वर ‘भिशी’ लिहा. त्याखाली तिला काय माहीत असतं: नाव, हप्ता, सभासद, या महिन्यात कुणी भरलं, कुणाला लागून गेली. मग ती काय करते: सभासद घेते, हप्ता घेते, रक्कम देते. शेवटी माझ्याकडून एक रकाना वाढवा, ती कशाला नकार देते. कार्ड भरलं आणि जागा पुरली नाही, तर समजा की एका क्लासच्या डोक्यावर दोन क्लासांचं ओझं टाकलंय.

आता कोड. भाषा पायथन घेऊ, कारण तिच्यात सोपस्कार कमी. शिवाय २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून क्लासची, मेथडची (म्हणजे क्लासच्या आतल्या फंक्शनची) आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात. नोकरीच्या ठिकाणी तुम्ही इंग्रजी नावंच वापराल, पण शिकताना मराठी नावांचा एक मोठा फायदा होतो. पायथनचे स्वतःचे शब्द कुठले आणि आपण ठेवलेली नावं कुठली, हे नुसत्या लिपीवरून ओळखू येतं. इथे छापताना सगळंच देवनागरीत दिलं आहे. तुम्ही टाइप कराल तेव्हा क्लास, डेफ, इनिट, इफ, इन, नॉट, रेज, व्हॅल्यूएरर, लेन, अपेंड आणि रिटर्न हे शब्द रोमन अक्षरांतच हवेत. आकडेही इंग्रजीच लागतील.

क्लास भिशी:
    डेफ __इनिट__(स्व, नाव, हप्ता):
        स्व.नाव = नाव
        स्व.हप्ता = हप्ता
        स्व.सभासद = []
        स्व.भरलेले = []
        स्व.लागलेले = []

    डेफ सभासद_घे(स्व, कोण):
        इफ लेन(स्व.लागलेले) > ०:
            रेज व्हॅल्यूएरर("भिशी सुरू झाली, आता नवा सभासद नाही")
        इफ कोण इन स्व.सभासद:
            रेज व्हॅल्यूएरर("हे नाव आधीच आहे")
        स्व.सभासद.अपेंड(कोण)

    डेफ हप्ता_भर(स्व, कोण):
        इफ कोण नॉट इन स्व.सभासद:
            रेज व्हॅल्यूएरर("हे नाव या भिशीत नाही")
        इफ कोण इन स्व.भरलेले:
            रेज व्हॅल्यूएरर("या महिन्याचा हप्ता आधीच आला")
        स्व.भरलेले.अपेंड(कोण)

    डेफ रक्कम_दे(स्व, कोण):
        इफ कोण नॉट इन स्व.सभासद:
            रेज व्हॅल्यूएरर("हे नाव या भिशीत नाही")
        इफ लेन(स्व.भरलेले) < लेन(स्व.सभासद):
            रेज व्हॅल्यूएरर("अजून सगळे हप्ते आले नाहीत")
        इफ कोण इन स्व.लागलेले:
            रेज व्हॅल्यूएरर("यांना भिशी लागून गेली")
        स्व.लागलेले.अपेंड(कोण)
        स्व.भरलेले = []
        रिटर्न स्व.हप्ता * लेन(स्व.सभासद)

हे कॉपी-पेस्ट करू नका, हाताने टाइप करा. इनिट ही मेथड नवीन ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालते आणि ‘रेज व्हॅल्यूएरर’ म्हणजे भिशीचा नकार. पहिल्या दिवशी फक्त इनिट आणि सभासद_घे एवढंच लिहिलंत तरी चालेल. प्रत्येक मेथड लिहिली की लगेच रन करून पाहायची. सगळं लिहून शेवटी एकदाच रन करणाऱ्याला एक एरर काढली की दुसरी, अशी माळ मिळते आणि चूक नेमकी कुठे झाली, तेही कळत नाही.

देवनागरी टाइप करताना दोन-तीन गोष्टी हमखास आडव्या येतात. १०० हा आकडा कोडमध्ये देवनागरीत लिहिलात तर पायथन तिथेच अडून बसतं. गंमत अशी की तोच ‘१००’ अवतरणचिन्हांत घालून इंट या फंक्शनला दिला, तर ते त्याचा बिनतक्रार शंभर करून देतं. म्हणजे वापरणाऱ्याने मराठी आकडे भरले तरी हिशोब चालतो, फक्त कोड लिहिणाऱ्याने ते वापरायचे नाहीत. दुसरी गोष्ट ‘दुसऱ्या’, ‘बाऱ्या’ अशा शब्दांतल्या अर्ध्या र ची. काही कीबोर्ड तो काढताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. अवतरणातल्या मजकुरात ते चालतं, व्हेरिएबलच्या नावात चालत नाही, आणि चूक डोळ्यांना दिसतच नसल्यामुळे माणूस हैराण होतो. तेव्हा नावांमध्ये असले शब्द टाळा. तिसरी गोष्ट अशी की टर्मिनलच्या काळ्या खिडकीत काना-मात्रा विस्कटून दिसतात. ब्राउझरमध्ये चालणारं गूगल कोलॅब त्यापेक्षा बरं. तिथे आपल्या संगणकावर काही बसवावंही लागत नाही.

आता ‘स्व’. इंग्रजी पुस्तकांत इथे सेल्फ असतं आणि नवशिक्यांचं घोडं इथेच अडतं. हा पायथनचा राखीव शब्द नाही, नुसता रिवाज आहे. म्हणून तर आपल्याला ‘स्व’ लिहिता आलं. त्याचा अर्थ समजून घ्यायला आधी शुक्रवार = भिशी("शुक्रवारची भिशी", १००) अशी एक भिशी करा, तिच्यात सभासद_घे वापरून माधुरीला घ्या आणि मग पुढच्या दोन ओळी, दर वेळी सुरुवातीपासून, आलटूनपालटून रन करा:

शुक्रवार.हप्ता_भर("माधुरी")
भिशी.हप्ता_भर(शुक्रवार, "माधुरी")

दोन्ही ओळींनी एकच काम होतं. पहिली लिहिली की पायथन तिची मनातल्या मनात दुसरी करून घेतं. टिंबाच्या आधी जे ऑब्जेक्ट आहे, तेच गुपचूप पहिल्या जागी जाऊन बसतं. मेथडच्या आत त्याला ‘स्व’ म्हणतात. म्हणून ‘स्व.भरलेले’ म्हणजे ज्या भिशीला हाक मारली तिच्या भरलेल्यांची लिस्ट. मेथड लिहिताना ‘स्व’ विसरलात, तर पायथन तक्रार करतं की मेथड एकच गोष्ट घेते पण दिल्या दोन. आपण तर एकच दिली होती, मग दुसरी कुठून आली? ती म्हणजे टिंबाच्या आधीचं ऑब्जेक्ट. हे एकदा उमगलं की पुढचा निम्मा विषय सोपा होतो, म्हणून इथे हवा तेवढा वेळ घालवा.

आता दोन ऑब्जेक्ट करा.

शुक्रवार = भिशी("शुक्रवारची भिशी", १००)
माहेर = भिशी("नाशिकची भिशी", २०००)

दोन्हींत वेगवेगळी नावं घाला. एका भिशीचा हप्ता भरून दुसरीची लिस्ट तपासा. ती कोरीच राहायला हवी. मग मुद्दाम एक खोड काढा. इनिटमधली ‘स्व.सभासद = []’ ही ओळ काढून टाका आणि क्लासच्या नावाखाली, कुठल्याही मेथडच्या बाहेर, नुसतं ‘सभासद = []’ लिहा. पुन्हा रन करा. फ्रीमाँटच्या मैत्रिणी नाशिकच्या भिशीत जाऊन बसलेल्या दिसतील. क्लासच्या अंगावर लिहिलेली लिस्ट एकच असते आणि ती सगळ्या ऑब्जेक्टच्या सामाईक मालकीची. इनिटमध्ये ‘स्व’ला जोडून केलेली लिस्ट मात्र प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःची मिळते. ही चूक नवशिक्यांकडून इतकी होते की ती आधीच मुद्दाम करून, बघून, दुरुस्त करून ठेवलेली बरी. त्याच जातीचा दुसरा सापळा लावून पाहा. ‘जुनी = शुक्रवार’ असं लिहा आणि ‘जुनी’मध्ये एक सभासद घाला. ‘शुक्रवार’मध्येही ती दिसेल, कारण इथे नवीन भिशी तयारच झालेली नाही. एकाच भिशीला दोन नावं पडली. हे चित्र डोक्यात बसत नसेल तर ‘पायथन ट्यूटर’ नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्ये उघडा. कुठलं नाव कुठल्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवतंय, ते तिथे बाण काढून ओळीओळीने दाखवतात.

यानंतर भिशी मोडायचा प्रयत्न करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरं शिकणं तर हिच्यातच आहे. एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे काय सांगायचं, उजवीकडे काय उत्तर यायला हवं. माधुरीने एकाच महिन्यात दोनदा हप्ता भरला, तर नकार. अकरा जणींचेच हप्ते आले असताना रक्कम मागितली, तर नकार. बाराही आले, तर बाराशे. भिशीत नसलेल्या कुणाचं नाव घेतलं, तर नकार. उत्तरं आधी लिहा आणि मग रन करा. कागद आणि पडदा यांत फरक पडला, तर चूक कोडमध्ये असेल किंवा तुमच्या समजुतीत. दोन्ही सापडणं फायद्याचंच.

एक पळवाट मात्र तुम्हाला सापडेलच. कुणी ‘शुक्रवार.लागलेले.अपेंड("माधुरी")’ असं थेट लिहिलं, तर सगळे नियम बाजूला पडतात आणि पायथन काहीही बोलत नाही. या भाषेत सभ्यतेवर भर आहे. नावाच्या आधी एक अधोरेखा, म्हणजे ‘स्व._लागलेले’ असं लिहिलं, की इतर प्रोग्रॅमरांनी समजून घ्यायचं की बाहेरून इथे हात लावायचा नाही. जावात मात्र ‘प्रायव्हेट’ हा शब्द लिहिला की कम्पायलरच बाहेरच्याला अडवतो. एपीच्या परीक्षेत क्लास लिहिताना आतली व्हेरिएबल प्रायव्हेट ठेवलेली हवी असतात. घरात एपीची तयारी चालू असेल तर मुलांकडून हे करून घ्या, त्याचे गुण असतात.

त्या परीक्षेबद्दल थोडं. एपी कम्प्युटर सायन्स ए जावात असते. लेखी भागातल्या चार प्रश्नांपैकी दुसरा प्रश्न अख्खा क्लास लिहिण्याचा असतो. त्यात गोष्टीच्या रूपात एक वर्णन देतात, शिवाय कुठली मेथड बोलावली की काय उत्तर यावं, याचा तक्ताही देतात. वर सांगितलेला दोन रकान्यांचा कागद त्याच कामाचा. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अभ्यासक्रम चार घटकांत बसवला आहे. तिसरा घटक क्लास तयार करण्याचा आणि इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचा वारसा घेणं, त्यातून वगळलं आहे. माझ्या मते हे चांगलं झालं. वारसा हा या विषयाचा सर्वांत मिरवला जाणारा आणि सुरुवातीला सर्वांत कमी लागणारा भाग आहे. मुलाला पायथनमधली भिशी जावात उतरवायला सांगा. लिस्टसाठी अ‍ॅरेलिस्ट येईल, प्रत्येक व्हेरिएबलचा प्रकार आधी सांगावा लागेल, ‘स्व’च्या जागी ‘धिस’ येईल आणि तेही प्रत्येक ठिकाणी लिहावं लागणार नाही. एकच क्लास दोन भाषांत लिहिला की भाषेचा भाग कुठला आणि विचाराचा कुठला, ते आपोआप वेगळं होतं.

दुसरा क्लास कधी लिहायचा? गरज पडेल तेव्हा. आत्ता सभासद म्हणजे नुसतं नाव आहे आणि तेवढं पुरतं. ज्या दिवशी भिशीत दुसरी माधुरी येईल, त्या दिवशी आपला कोड तिला ‘हे नाव आधीच आहे’ म्हणून दारातूनच परत पाठवेल. तेव्हा ‘सभासद’ नावाचा क्लास लिहा आणि त्यात नाव व फोन नंबर ठेवा. मग एक नवीनच गोष्ट समोर येईल. नाव आणि नंबर अगदी सारखे असलेले दोन ऑब्जेक्ट केले, तरी पायथन त्यांना एक मानत नाही. दोन सभासद एकच केव्हा समजायचे, हे तुम्हालाच एक खास मेथड लिहून सांगावं लागतं. फोन नंबर जुळला तर एकच, असं ठरवणार का? मग मायलेकी एकाच नंबरवर असतील तर? असले प्रश्न पुस्तकातल्या कुत्र्याने कधी विचारले नसते.

वारसाही येईल, पण त्याच्या वेळेला. महाराष्ट्रात चिठ्ठीची भिशी असते तशी लिलावाची भिशीही असते, जिथे गरजू सभासद बोली लावून कमी रक्कम घेतो आणि उरलेली बाकीच्यांत वाटली जाते. सभासद घेणं, हप्ता भरणं सगळं तेच, फक्त रक्कम_दे वेगळी. अशी खरी जोडी हातात आली की ‘लिलाव_भिशी’ने ‘भिशी’चा वारसा घ्यावा. नुसता वारसा वापरायचा म्हणून नातेवाईक उभे करू नका.

कुणाच्या तरी सोबतीने शिकायचं असेल तर फ्रीमाँटमध्ये सोय चांगली आहे. मिशन बुलेव्हार्डवरचं ओहलोनी कॉलेज हे सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना अशा कॉलेजांत युनिटमागे ४६ डॉलर फी पडते, बाहेरच्यांना बरीच जास्त. व्हिसावर असलेल्यांनी आपण रहिवासी धरले जातो का, हे नाव नोंदवण्याआधीच प्रवेश कचेरीत विचारून घ्यावं, कारण ते व्हिसाच्या प्रकारावर आणि इथे राहून किती काळ झाला त्यावर ठरतं. घरात पोरांचा गोंधळ असेल तर स्टीव्हन्सन बुलेव्हार्डवरचं मुख्य ग्रंथालय आहेच. आणि भिशीतल्याच दोघी-तिघी मिळून शिकायला बसल्या तर फारच उत्तम. नियमांवर वाद घालायला हक्काची माणसं मिळतात.

हे सगळं एआयला सांगितलं तर तो अर्ध्या मिनिटात लिहून देतो, मग कशाला शिकायचं, हा प्रश्न आता येतोच. देतो खरा. पण तुम्ही तिसरा नियम सांगायला विसरलात, तर तो नियम त्याच्या क्लासमध्ये असेलच असं नाही, आणि तो नाही हे ओळखायला क्लास वाचता यायला हवा. शिकताना त्याच्याकडून उलटं काम करून घ्या. आधी क्लास स्वतः लिहा, मग त्याला म्हणा, माझी भिशी कुठल्या चार प्रकारे मोडेल ते सांग, दुरुस्ती सांगू नकोस. दुरुस्ती तुमची.

पुढच्या सरावासाठी तीन कामं. पहिलं सोपं: ऑब्जेक्ट प्रिंट केलं की सध्या पायथन एक अगम्य पत्ता छापतं, त्याऐवजी ‘शुक्रवारची भिशी, सभासद १२, लागून गेली ३’ असं दिसावं. त्यासाठीची खास मेथड शोधून काढा. तिचंही नाव इनिटसारखंच दोन्ही बाजूंनी दुहेरी अधोरेखांत असतं. दुसरं: बाराही जणींना लागून झाली की फेरी संपल्याचं भिशीने स्वतः सांगावं आणि नवी फेरी सुरू करता यावी.

तिसरं काम अवघड आहे. चौथ्या महिन्यात एकीच्या नवऱ्याची बदली ऑस्टिनला झाली आणि ती निघाली. तिला भिशी लागून गेली असेल तर उरलेले हप्ते कोण भरणार? लागली नसेल तर तिचे भरलेले पैसे आत्ता परत द्यायचे की फेरीच्या शेवटी? ‘सभासद_सोड’ ही मेथड याचं उत्तर ठरल्याशिवाय लिहिता येणार नाही, आणि ते उत्तर पायथनकडे नाही. पुढच्या भिशीला चिठ्ठी काढण्याआधी हा विषय काढा, बाराही जणींकडून नियम वदवून घ्या, कार्डावर लिहा आणि मग फाइल उघडा.